रॅमच्या पॅकेटवर ६००० लिहिलंय, मग कॉम्प्युटर ४८०० का दाखवतोय?

मागच्या महिन्यात तासगावच्या मावसभावाचा रात्री साडेअकराला फोटो आला. टास्क मॅनेजरचा फोटो, आणि खाली एवढंच, "दादा, रॅम ६००० ची घेतलीय आणि हे ४८०० दाखवतंय. फसवलं काय मला?" पोरगा लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, रात्र रात्र बसून एडिटिंग करतो, तीन सीझनचे पैसे बाजूला टाकून त्यानं हा पीसी बांधून घेतला होता, त्यामुळं त्याच्या पोटात गोळा आला असणार हे मला कळत होतं.

फसवलं नव्हतं, रॅम अस्सल होती. पण हाच प्रश्न मला वर्षभरात बरेच जण विचारतात, सांगलीत विश्रामबागला रूम करून राहणारी इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, मार्केट यार्डात अडतीचे हिशोब बघणारे विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर तुकड्या तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणलं. मुख्य गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. पॅकेटवरचा तो आकडा एकट्या रॅमचा नसतो. तो रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसर ह्या तिघांनी मिळून पेलायचा असतो, आणि तिघांत जो कमी पडेल त्याच्या चालीनं बाकीच्या दोघांना चालावं लागतं.

आधी ४८०० कुठनं आलं ते बघू. रॅमच्या पट्टीवर मोठ्या काळ्या चिपा दिसतात त्यांच्याबरोबर एक बारकी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. ही त्या पट्टीची कुंडली. बटण दाबलं की बोर्ड सगळ्यात आधी ही कुंडली वाचतो. त्यात दोन तऱ्हेच्या नोंदी असतात. पहिली नोंद जेडेकच्या नियमातली. जेडेक म्हणजे मेमरीचे नियम ठरवणारी संस्था, डीडीआर५ चे, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या रॅमच्या पिढीचे, नियम त्यांनी जुलै २०२० मध्ये जाहीर केले. ह्या नोंदीत व्होल्टेज १.१, स्पीड साधा (मावसभावाचं ४८०० ते हेच), टायमिंग ढिलं, का तर कुठल्याही बोर्डावर, कुठल्याही प्रोसेसरबरोबर पीसी निदान चालू तरी व्हायला पाहिजे. दुसरी नोंद रॅम बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची असते, की आमची ही पट्टी ६००० ला चालते, फक्त तिला १.३५ व्होल्ट द्या आणि टायमिंग असं असं ठेवा. ह्या दुसऱ्या नोंदीला इंटेलच्या भाषेत एक्सएमपी म्हणतात, हे २००७ पासून आहे. इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिनं स्वतःचं एक्स्पो २०२२ मध्ये रायझन ७००० प्रोसेसरबरोबर आणलं. नावं दोन, काम एकच.

आता गंमत अशी की बोर्ड ही दुसरी नोंद वाचतो पण आपणहून लावत नाही. कारण जेडेकच्या पलीकडचं काही केलं की ते कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, धरलं जातं, आणि ते तुम्ही स्वतः बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायचं असतं. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, बायोस उघडतं, तिथं पहिल्याच पानावर बहुतेक एक्सएमपी किंवा एक्स्पो असं दिसतं, ते चालू करायचं, सेव्ह करून बाहेर. एवढंच काम आहे आणि तेवढंच राहून गेल्यामुळं कित्येक लोकांची महागातली रॅम वर्ष-दोन वर्षं साध्या स्पीडला चालत राहते, त्यांना पत्ताही नसतो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण पैसे तर दिलेलेच असतात. (५६०० च्या साध्या पट्ट्या मात्र जेडेकच्याच असू शकतात, त्या काही न करता ५६०० ला चालतात, प्रोसेसरनं तेवढं घेतलं तर.)

अजून एक घोळ इथंच मिटवून टाकू. सीपीयू-झेड नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते उघडून लोक अजून घाबरतात, कारण तिथं ६००० च्या ठिकाणी ३००० दिसतं. डीडीआर मधला पहिला डी म्हणजे डबल. घड्याळाचा एक ठोका पडला की डेटा दोनदा जातो, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणजे ठोके सेकंदाला ३०० कोटी आणि डेटाच्या खेपा ६०० कोटी. खरं तर ६००० मेगाहर्ट्झ म्हणणंच चुकीचं, ६००० मेगाट्रान्सफर म्हणायला पाहिजे, पण बाजारात सगळे मेगाहर्ट्झच म्हणतात आणि आपणही दुकानात तसंच बोलतो, त्यात काही बिघडत नाही. फक्त निम्मा आकडा दिसला म्हणून रॅम परत करायला जाऊ नका.

प्रोसेसर आणि रॅममधल्या तारांच्या रस्त्याला चॅनल म्हणतात, एका खेपेत एका चॅनलवरनं ८ बाइट जातात. ६००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ४८ जीबी, आणि दोन चॅनल असले की ९६ जीबी. डीडीआर४ ची ३२०० ची जोडी घेतली तर ५१.२ जीबी. आणि एकच पट्टी लावली असेल तर ह्याच्या निम्मं. म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या असं जे सांगतात ते ह्यासाठी.

पण नुसत्या ह्या आकड्यावर जाऊ नका. पॅकेटवर सीएल३६ किंवा सीएल३० असं पण लिहिलेलं असतं, आणि त्याचं कुणी सरळ सांगत नाही. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवा. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी, जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड बारकं, आत पोटात ऐसपैस, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. तर पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आधी तोंड मोकळं करून हवा खेळू द्यायची, मग माणूस आत, मग पहिलं पोतं वर, आणि एकदा का साखळी लागली की पोत्यामागं पोतं. रॅमच्या चिपेच्या आत अगदी हेच चालतं. डेटा ओळींमध्ये ठेवलेला असतो, आधी ती ओळ उघडायला लागते, मग त्यातला पाहिजे तो तुकडा मागायचा, आणि दुसरी ओळ पाहिजे असेल तर आधीची बंद करून मगच. पॅकेटवर ३६-३६-३६ असं जे लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा म्हणजे पेव उघडं असताना पोतं मागितल्यावर ते हातात यायला किती ठोके लागतात, दुसरा म्हणजे पेव उघडायला किती, तिसरा म्हणजे बंद करायला किती. आणि ६००० हा आकडा म्हणजे साखळी लागल्यावर पोती किती झपाझप येतात तो.

आता ठोक्यांवरनं खरा वेळ काढायचा तर सीएलला २००० नं गुणायचं आणि स्पीडनं भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. डीडीआर४ ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल३६ म्हणजे १२. डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजे परत १०. आणि माझा मावसभाऊ ज्याच्यावर चालवत होता, ४८०० सीएल४०, ते जवळजवळ १६.७. बघितलं का, जुन्या रॅमचं पहिलं पोतं नव्या डीडीआर५ च्या आधी हातात पडतंय. मग नवीन रॅम कशाला, तर पहिल्या पोत्यानंतरची साखळी तिची दुपटीनं पळते, आणि दुसरं म्हणजे पेवांची संख्याच वाढवलीय, डीडीआर४ च्या चिपेत १६ पर्यंत बँका असायच्या, डीडीआर५ मध्ये ३२ पर्यंत आहेत, एका पेवाची हवा खेळेपर्यंत दुसऱ्यातनं पोती काढता येतात. म्हणून दोन पॅकेटं सारख्या स्पीडची असतील तर कमी सीएलचं चांगलं, पण डीडीआर४ चा सीएल आणि डीडीआर५ चा सीएल शेजारी ठेवून तुलना करायची नाही, ते गणित करूनच बघायचं.

रविवारी गाडी काढून तासगावला गेलो. त्याला वाटलं पाच मिनिटांचं काम, मलाही तसंच वाटलेलं. बायोसमध्ये गेलो, एक्स्पो चालू केलं, सेव्ह केलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला डीरॅम लिहिलेल्या ठिकाणी बारका दिवा पेटलेला तसाच पेटून राहिला. पीसी आपोआप बंद होऊन चालू झाला, परत तेच, परत एकदा, आणि शेवटी स्क्रीनवर संदेश आला की मेमरीची सेटिंग लागली नाही, जुन्यावर परत आणलंय. मावसभावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग बाजूची काच काढली आणि दिसलं. बोर्डावर रॅमच्या चार खाचा, आणि बांधणाऱ्यानं दोन पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत बसवलेल्या. बसवायच्या दुसऱ्या आणि चौथ्या, प्रोसेसरकडनं मोजायचं. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र काढून दिलेलं असतं, काही बोर्डांवर तर खाचेशेजारीच छापलेलं असतं. ४८०० ला पहिली-तिसरी चालून गेली, चॅनलही दोन्ही मिळाले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ६००० ला बरोबर उघडं पडलं.

हे असं का होतं ते मला स्वतःला फार आवडतं म्हणून जरा थांबून सांगतो. ६००० ला एक बिट तारेवर किती वेळ असतो, तर सेकंदाचे ६०० कोटी भाग केले त्यातला एक, म्हणजे १६७ पिकोसेकंद. बोर्डातल्या तांब्याच्या रेषेतनं सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला आलेल्या वेळात सिग्नल जातो अडीच सेंटिमीटर, अंगठ्याचं एक पेर धरा. प्रोसेसरपासून खाचेपर्यंतचं अंतर त्याच्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे पहिला बिट रॅममध्ये पोचायच्या आत मागनं दोन-तीन बिट त्याच तारेवर निघालेले असतात. आणि अशा कितीतरी तारा एका वेळी, सगळ्यांनी एकदम पोचायचं. टॉर्च मारून बोर्ड तिरका धरून बघा, प्रोसेसर आणि रॅमच्या मध्ये काही रेषा सरळ न जाता नागमोडी वळणं घेत गेलेल्या दिसतील. त्या वळणांना कारण आहे, ज्या तारेचा रस्ता जवळचा तिला मुद्दाम लांबून फिरवलंय, सगळ्यांची लांबी सारखी यावी म्हणून. मला तर बोर्डाचा सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

आता खाचांचं. आजकालच्या बहुतेक चार खाचांच्या बोर्डांत तार प्रोसेसरकडनं निघते, आधी त्या चॅनलच्या जवळच्या खाचेला शिवते आणि मग पुढं लांबच्या खाचेला जाऊन संपते. ह्याला डेझी चेन म्हणतात. पट्टी लांबच्या खाचेत असली की तार पट्टीपाशीच संपते, सिग्नल पोचला, विषय संपला. पण पट्टी जवळच्या खाचेत असली की पुढं तारेचं शेपूट मोकळंच राहतं. पाटाला पाणी सोडलंय आणि पुढचं दार बंद आहे, पाणी दारावर आपटून उलटी लाट मागं येते, शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको. सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आपटून तसाच माघारी येतो आणि मागनं येणाऱ्या बिटांत मिसळतो. ४८०० ला बिट जरा लांबट असतो, गोंधळातनं ओळखू येतो. ६००० ला ० का १ तेच कळत नाही. आणि ह्याच कारणानं दोनच खाचांचे बोर्ड, मग ते महागडे ओव्हरक्लॉकिंगचे असोत नाहीतर बारके आयटीएक्स, वेगवान रॅमला जास्त चांगले, शेपूटच नाही तिथं. बोर्डात तांब्याचे थर किती हे पण बघतात, चार थरांच्या बोर्डापेक्षा सहा-आठ थरांच्या बोर्डात रेषांना मोकळी जागा आणि ग्राउंडचा स्वच्छ थर मिळतो.

पट्ट्या काढल्या, दुसऱ्या-चौथ्यात बसवल्या, दोन्हीकडनं टक असा आवाज येईपर्यंत दाबल्या, परत एक्स्पो. परत स्क्रीन काळी. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. मावशी चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणली, "अरे बंदच पडलं की हे, बटण काढू का?" म्हणलं मावशी हात लावू नको, ते काम करतंय.

ह्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि ह्याची माहिती नसल्यामुळं लोक मधेच प्लग काढतात. मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी तंबोरा लावताना बघितला असेल तर लगेच समजेल. तंबोरा तयार झाला म्हणजे वाजायला लागला असं नसतं. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा असतो, कारागीर तार छेडतो, दोरा केसभर पुढं सरकवतो, परत छेडतो, ऐकतो, केसभर मागं, असं करता करता एका जागी सूर एकदम खुलतो, ती जवारी. प्रत्येक तारेची वेगळी, आणि एका तंबोऱ्याची जागा दुसऱ्याला लागू पडत नाही. प्रोसेसर पहिल्यांदा हेच करतो. ओळखीचा नमुना रॅमला पाठवतो, परत वाचतो, बरोबर आला का बघतो, मग एकेका तारेचं वाचायचं टायमिंग पिकोसेकंदांनी मागं-पुढं सरकवतो, व्होल्टेजची मधली रेघ वर-खाली करतो, आणि सगळ्यात स्वच्छ जागा सापडली की तिथं थांबतो. डीडीआर५ ला, त्यातून एएम५ बोर्डावर (रायझन ७००० आणि पुढच्यांचे बोर्ड), पहिल्यांदा ह्याला काही मिनिटं लागू शकतात, पट्ट्या मोठ्या असतील तर अजून. नवीन रॅम लावली, बायोस अपडेट केलं, की परत. तेव्हा काळी स्क्रीन बघून निदान दहा-पंधरा मिनिटं तरी थांबा, आणि आमच्याकडं लाईटचा भरवसा नसतो तर हे काम यूपीएस असताना करा.

तीन मिनिटांच्या आत विंडोज आलं. टास्क मॅनेजरमध्ये ६०००.

इथं बरेच जण म्हणतील, मग ६००० कशाला, ८००० ची घेऊ, बोर्डाच्या खोक्यावर तर ८००० लिहिलंय. इथं तिसरा गडी येतो, प्रोसेसर. पूर्वी रॅमशी बोलायचं काम बोर्डावरची वेगळी चिप करायची, नॉर्थब्रिज म्हणायचे तिला. एएमडीनं २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ मध्ये हा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला, इंटेलनं डेस्कटॉपला २००८ मध्ये. तेव्हापासून रॅमचा स्पीड पेलायचा का नाही हे निम्म्याहून जास्त प्रोसेसरवर आहे, आणि त्याची खात्रीची मर्यादा खोक्यावरच्या आकड्यापेक्षा बरीच खाली असते. रायझन ५००० ला डीडीआर४ ३२००. रायझन ७००० ला डीडीआर५ ५२००, ९००० ला ५६००. इंटेलच्या बाराव्या पिढीला डीडीआर५ ४८००. ह्याच्या वरचं सगळं जमलं तर जमलं. बोर्डाच्या खोक्यावर आकड्यापुढं ओसी ही दोन अक्षरं लिहिलेली असतात ती ह्यासाठीच, म्हणजे आमच्या तारा तेवढं नेतील, पुढचं तुमचा प्रोसेसर आणि तुमची रॅम बघा. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तरी एक ६४०० ला चालेल आणि दुसरा ६००० च्या वर कुरकुरेल, हे अगदी होतं.

एएमडीवाल्यांना अजून एक गोष्ट. रायझन ७००० ला ६००० ही मोक्याची जागा आहे असं एएमडीनं स्वतः सांगितलेलं. कारण साधारण तिथपर्यंत कंट्रोलर आणि रॅम एकाच तालात चालतात. त्याच्या फार वर गेलात की कंट्रोलर निम्म्या तालावर जातो, म्हणजे पोती जास्त येणार पण पहिल्या पोत्याला उशीर, आणि गेममध्ये तर कित्येकदा फायदा राहतच नाही. रायझन ५००० ला तीच जागा डीडीआर४ च्या ३६०० ला. इंटेलमध्ये ह्यालाच गिअर म्हणतात, गिअर १ म्हणजे एका तालात, गिअर २ म्हणजे कंट्रोलर निम्म्यावर, पण इंटेलवर डीडीआर५ मुळातच गिअर २ मध्ये चालते त्यामुळं तिकडं जास्त आकड्याला थोडा अर्थ आहे.

आणि इंटेलचा बोर्ड घेताना चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपेचं, नाव बघाच, इथं लोक खरंच पैसे घालवतात. एच५१०, एच६१० असल्या स्वस्तातल्या बोर्डांवर रॅम ओव्हरक्लॉक होत नाही, प्रोसेसरची जी मर्यादा तिथंच गाडी थांबणार, मग तुम्ही कितीही भारी पट्टी आणा. बी५६० आणि बी६६० वर मात्र होते. जुना बी४६० बोर्ड सेकंडहँडमध्ये अजून फिरतोय, त्याच्यावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर २६६६ च्या वर जाता येत नाही. त्याला ३६०० ची रॅम विकणाऱ्यानं विकली आणि घेणाऱ्यानं घेतली असं मी बघितलंय. बारावी ते चौदावी पिढी घेत असाल तर अजून एक, काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे, दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसऱ्यात बसत नाही, जोर लावून बघू नका. एएम५ ला फक्त डीडीआर५.

मग घ्यायची कुठली हे ठरवायला क्यूव्हीएल बघायची. बोर्डाच्या वेबसाइटवर मेमरी सपोर्ट नावानं यादी असते, ह्या ह्या नंबरची पट्टी आम्ही आमच्या बोर्डावर तपासली, इतक्या स्पीडला चालली, आणि महत्त्वाचा रकाना म्हणजे किती पट्ट्या लावून, १, २ का ४. ८००० च्या पुढं बहुतेक १ नाहीतर २ च असतं. यादीत नाही म्हणजे चालणार नाही असं नाही, सगळ्या जगातल्या पट्ट्या ते कुठं तपासत बसणार, पण यादीतली मिळत असेल तर तीच घ्यावी, नंतरची डोकेदुखी वाचते.

चार पट्ट्यांचं वेगळं सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. आत्ता १६ च्या दोन घेऊ, पुढच्या वर्षी अजून दोन टाकू, हा विचार डीडीआर४ ला बऱ्यापैकी चालायचा. डीडीआर५ ला चार पट्ट्या लावल्या की एकाच तारेवर दोन दोन पट्ट्यांचा भार पडतो, आणि रायझन ७००० ची चार पट्ट्यांची अधिकृत मर्यादा आहे ३६००. हो, ५२०० वरनं सरळ ३६००. बायोस नवीन करून, खटपट करून लोक त्याच्या वर नेतात, पण भरवशाचं काम नाही. आणि दोन वेगवेगळ्या पॅकेटांतल्या पट्ट्या एकाच नावाच्या असल्या तरी आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात, एकात हायनिक्स एकात सॅमसंग, त्यांचं आपसात जुळेलच असं नाही. त्यामुळं पुढं किती रॅम लागणार ते आजच ठरवा आणि एकाच पॅकेटातली जोडी घ्या. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे काही चढले की हे बोलायला सोपं आणि करायला अवघड झालंय, मला कल्पना आहे, पण तरी दोनच पट्ट्या.

ह्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग किती? ज्यांच्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, समजा रायझन ५६००जी आहे, त्यांना सगळ्यात जास्त, कारण त्यातलं ग्राफिक्स रॅममधनंच खातं, तिथं एका पट्टीवरनं दोन पट्ट्यांवर आलात की गेम डोळ्यांना दिसेल एवढा सुधारतो. ग्राफिक्स कार्डवाल्यांना ४८०० वरनं ६००० ला फरक पडतो, पण गेम कुठला आणि प्रोसेसर कुठला त्याच्यावर. टॅली, ब्राउझर, ऑफिस ह्यांना काही सुद्धा कळणार नाही. एडिटिंगमध्ये स्पीडपेक्षा रॅम किती जीबी आहे ते जास्त महत्त्वाचं, १६ जीबी भरून पीसी डिस्कवर घासायला लागला की तुमच्या ६००० ला काय अर्थ राहिला. पैसे मोजके असतील तर आधी जीबी, मग दोन पट्ट्या, मग स्पीड, हा माझा क्रम.

चालू झालं म्हणजे टिकलं असं धरू नका. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावायचं, सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती सेटिंग नापास. रॅम चुकली की पीसी प्रत्येक वेळी बंद पडतोच असं नाही, गुपचूप एखादा बिट उलटतो आणि फाइल खराब होते, आणि लग्न काय परत लावता येत नाही. डीडीआर५ मध्ये चिपेच्या आत चुका दुरुस्त करायची सोय आहे हे खरं, पण ती चिपेच्या आतल्या चुकांसाठी, तारेवर झालेली चूक ती पकडत नाही. आणि उन्हाळ्यात परत एकदा टेस्ट लावा. गरम झालं की रॅमच्या सेलमधला चार्ज लवकर गळतो, पत्र्याच्या खोलीत जानेवारीत मस्त चाललेली सेटिंग एप्रिलमध्ये निळी स्क्रीन दाखवते. तसं झालं तर ५८०० ला या, ५६०० ला या, काही बिघडत नाही. बायोसही नवीन ठेवा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं झाली, एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (मेमरी कंट्रोलर ज्यात असतो तो) जास्त व्होल्टेज देत होते, मग एएमडीनं बायोसमधनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर एक्स्पो लावायचं नाही ते ह्यासाठी.

पुढं काय येतंय तर सीयूडीआयएमएम नावाच्या पट्ट्या आल्यात, त्यांच्यावर घड्याळाचा ठोका नव्यानं ताजा करून देणारी चिप पट्टीवरच बसवलीय, इंटेलची कोअर अल्ट्रा २००एस मालिका ह्यांच्याबरोबर ६४०० पर्यंत अधिकृत सपोर्ट देते. आपल्या इकडच्या दुकानात विचारायची घाई नको, बजेटच्या पीसीला आत्ता गरज नाही.

मावसभावानं त्या रात्री मेमटेस्ट लावून ठेवलं. सकाळी सहाला फोटो आला, चुका शून्य. आणि खाली लिहिलेलं, "दादा, अजून दोन रिकाम्या खाचा आहेत, तशाच दोन टाकू काय?" त्याला सांगितलं, सीझन होऊ दे, ही जोडी विकू आणि ३२ च्या दोन घेऊ, त्या खाचा रिकाम्याच राहू देत.